लहान मुलांना घेऊन बेंगळुरूला शिफ्ट होताय? एरिया निवडताना या चुका टाळा

मे २०२३ मध्ये आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो तेव्हा थोरला साडेचार वर्षांचा होता आणि धाकटीचा पहिला वाढदिवस नुकताच झाला होता, नवऱ्याची बदली व्हाइटफिल्डच्या आयटी पार्कला झालेली आणि घर शोधायला हातात होते फक्त दोन शनिवार-रविवार. जे घर घेतलं ते आम्ही अकरा महिन्यांत सोडलं. आता ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं की आम्ही पण येतोय, कुठे राहू, आणि मी प्रत्येकाला एकच सांगते की एरियाचं नाव नंतर बघू, आधी मुलांचा एक पूर्ण दिवस कागदावर लिहून काढा. किती वाजता उठणार, बसमध्ये किती वेळ, दुपारी कुठे झोपणार, संध्याकाळी कुठे खेळणार, रात्री ताप आला तर कुठे न्यायचं. तो दिवस ज्या एरियात नीट बसतो तो तुमचा एरिया. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

रविवारी दुपारी घर बघणं

आमची सगळ्यात मोठी चूक हीच. सर्जापूर रोडला दोम्मसंद्राच्या बाजूला मोठा थ्री बीएचके मिळत होता, स्विमिंग पूल, क्लबहाऊस, मुलांसाठी झोपाळे, आणि पुण्यात तेवढ्याच भाड्यात टू बीएचके मिळायचा त्यामुळे आम्ही हरखून गेलो. रविवारी दुपारी दोनला मॅपवर ऑफिस पस्तीस मिनिटं दाखवत होतं. सोमवारी सकाळी पावणेनऊला तोच रस्ता वर्तूरमार्गे एक तास वीस मिनिटं. आणि नवऱ्याचं एक वेळ ठीक आहे हो, मोठा माणूस आहे, कानात गाणी घालून बसेल, पण थोरल्याची शाळाही त्याच रस्त्यावर होती. सकाळी सात दहाला बस, एल्केजीचं मूल, जाताना एक तास आणि येताना त्याहून जास्त. दुपारी बस आली की मावशी त्याला झोपलेला उचलून माझ्या हातात द्यायच्या, बूट घातलेले, गळ्यात पाण्याची बाटली, आणि डब्यातली पोळी सकाळी मी जशी तुपसाखर लावून गुंडाळली होती तशीच. आठवड्यातून दोनदा तरी बसमध्ये उलटी व्हायची. मी तेव्हा डॉक्टर बदलले, डबा बदलला, ओव्याचं पाणी दिलं, पण मुळात त्रास रस्त्याचा होता हे कळायला मला चार महिने लागले.

त्यामुळे घर बघायला कामाच्या दिवशीच या. सकाळी आठला त्या गेटबाहेर उभं राहा आणि शाळेच्या बस कशा जातात ते बघा, मग संध्याकाळी सहाला ऑफिसकडून त्या घराकडे स्वतः कॅबने या. बेंगळुरूत अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगतच नाही, सगळे वेळेत सांगतात, आणि तेच बरोबर आहे. लहान मुलासाठी माझा हिशोब सरळ आहे, शाळेची बस एका बाजूने पंचवीस मिनिटांच्या वर नको. मोठ्या माणसाचा प्रवास मेट्रोवर ढकलता येतो, मुलाचा नाही. पर्पल लाइन ऑक्टोबर २०२३ पासून व्हाइटफिल्ड ते चल्लघट्टा अखंड सुरू झालीये, यलो लाइन ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा सुरू झाली त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटीत ऑफिस असलेल्यांना जयनगरच्या बाजूला राहायचा पर्याय उघडलाय. ऑफिस या लाइनवर असेल तर आधी शाळा धरा, शाळेजवळ घर धरा, आणि मोठ्या माणसाला मेट्रोत बसवा.

"पाणी चोवीस तास आहे" यावर विश्वास ठेवणं

हे वाक्य ब्रोकर प्रत्येक घरात म्हणतो आणि ते खोटंही नसतं, नळाला पाणी येत असतंच. प्रश्न असा विचारायचा की हे पाणी कावेरीचं आहे, बोअरचं आहे की टँकरचं. पुण्यात आपल्याला खडकवासल्याचं पाणी गृहीत धरायची सवय असते (तिथेही आता नव्या भागांत टँकर आहेतच म्हणा), पण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटरवर बसलंय, जवळ मोठी नदी नाही, आणि कावेरीचं पाणी शंभर किलोमीटर लांबून पंप करून वर चढवून आणावं लागतं. जुन्या शहराला ते आधी मिळालं, बाहेरच्या कडेला वाढलेल्या भागांनी वर्षानुवर्षं बोअरवर भागवलं.

फेब्रुवारी-मार्च २०२४ ला काय झालं ते बातम्यांत तुम्ही पाहिलं असेल. शहरातल्या जवळपास चौदा हजार सरकारी बोअरपैकी निम्म्या कोरड्या पडल्याचं सरकारनेच सांगितलं, टँकरचे भाव इतके वाढले की प्रशासनाला दर ठरवून द्यावे लागले, सहा हजार लिटरला पाच किलोमीटरच्या आत सहाशे रुपये वगैरे. आमच्या सोसायटीत तेव्हा सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास पाणी होतं. दीड-पावणेदोन वर्षांची मुलगी, कापडी लंगोट आणि बादल्या. मी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली सात बादल्या आणि एक पिंप ओळीने लावून ठेवलेलं, कुठली बादली कशाची ते ठरलेलं, आणि धाकटी दुडुदुडु येऊन बरोबर प्यायच्या पाण्याच्या बादलीत हात घालायची. त्यात बोअरचं पाणी इतकं जड की नळाला पांढरी पुटं, गीझरची कॉइल गेली, आणि तिच्या कोपरांच्या खोबणीत कायम लाल चट्टे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात बोअरचं पाणी आहे का.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, शहरात नंतर सामील झालेल्या बाहेरच्या ११० गावांच्या भागासाठी, त्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारलीये, पण पाइपलाइन रस्त्यापर्यंत येणं आणि तुमच्या सोसायटीने कनेक्शन घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रोकरला विचारूच नका, गेटवरच्या वॉचमनला विचारा की रोज किती टँकर येतात. आणि मागच्या एप्रिलचं मेंटेनन्स बिल एखाद्या रहिवाशाकडून मागून बघा, त्यात टँकरचा खर्च वेगळा लिहिलेला असतो. घरात गेल्यावर बाथरूमचा नळ आणि शॉवरची जाळी बघा, पांढरं साचलं असेल तर उत्तर मिळालं.

पाण्याची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बेल्लंदूर, यमलूरच्या बाजूला लोकांना ट्रॅक्टरवरून बाहेर काढावं लागलं होतं. इथे जोराचा पाऊस जुलैमध्ये नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो, म्हणजे मे महिन्यात घर बघताना पूर्ण अंदाज येत नाही. तळमजला किंवा बेसमेंट पार्किंग असेल तर समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा की २०२२ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, तो पायरी दाखवून सांगतो.

शाळेचं कॅलेंडर आपल्यासारखंच असेल असं समजणं

इथे फार लोक फसतात. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण चालतात, कर्नाटकात १ जूनला सहा पूर्ण लागतात. २०२५-२६ ला एका वर्षापुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सूट दिली होती, पण मूळ नियम हा. म्हणजे सप्टेंबरमध्ये जन्मलेलं मूल पुण्यात पहिलीत बसलं असतं ते इथे यूकेजीत बसू शकतं. त्यात वाईट काहीच नाही, मोठं होऊन पहिलीत गेलेलं मूल उलट जास्त रमतं असं माझं मत आहे, पण पुण्यात पहिलीची फी भरून, पुस्तकांना कव्हरं घालून मग इथे येऊन हे कळलं तर मुलाला समजावणं फार जड जातं. केंद्रीय विद्यालयाची तारीख आणखी वेगळी, ३१ मार्च. जन्मतारीख हातात घेऊन आधी फोन करा, आणि त्या वर्षाचा नियम शाळेकडून लेखी मेलवर घ्या.

चांगल्या शाळांचे प्रवेश आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-नोव्हेंबरपासून सुरू होतात, एप्रिलमध्ये फोन केला तर वेटिंग लिस्टच ऐकायला मिळते. मूल मोठ्या वर्गातलं असेल तर जुन्या शाळेचा टीसी घेताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल का हे नव्या शाळेला विचारून घ्या, पुणं सोडल्यावर त्या एका सहीसाठी परत जायला लागतं.

आणि सुट्ट्या! कर्नाटकात शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला दोन-तीन दिवस. आम्ही पहिल्या वर्षी दिवाळीची पुण्याची तिकिटं काढून बसलो होतो, आईने चकलीची भाजणी दळून आणलेली, आणि शाळेचं सर्क्युलर आलं तेव्हा मला खरंच रडू आलं. आता आम्ही दसऱ्याला जातो, आई चकल्या तेव्हाच करते.

कन्नडकडे "बघू पुढे" म्हणून पाहणं

कर्नाटकात २०१५ चा कन्नड भाषा शिक्षण कायदा आहे, आपल्याकडे २०२० ला मराठी सक्तीचा झाला तसाच. त्यामुळे बोर्ड कुठलाही असो, कन्नड किती आणि कुठल्या इयत्तेपासून आहे हे प्रवेशाआधी शाळेला विचारा. पण मी शाळेपुरतं बोलत नाहीये. बाहेरून आलेल्या लोकांनीच भरलेल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये मूल दोन वर्षं राहूनही कन्नडचा एक शब्द बोलत नाही, आणि मग ते त्या शहरात पाहुणंच राहतं. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. आपण महाराष्ट्रात येणाऱ्याकडून मराठीची अपेक्षा ठेवतो ना, मग इथे आपणही तेवढं करायला हवं. आणि मराठी मुलाला कन्नड परकी नाहीच, अक्का, अण्णा हे शब्द त्याला आधीच माहीत असतात. आमचा थोरला शिकला तो खाली राहणाऱ्या आजींकडून, त्या रोज "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का विचारायच्या आणि तो आधी नुसता मान हलवायचा, महिन्याभरात "आयतु अज्जी" म्हणायला लागला. एरिया निवडताना इथलीही माणसं राहतात असा जुना-नवा मिसळलेला लेआउट बघा.

मराठी तुटायची भीती असेल तर गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीला मुलांना घेऊन नक्की जा. पण फक्त मराठी माणसं जवळ आहेत म्हणून लांबचा एरिया धरू नका.

पैशाच्या बाबतीत थोडक्यात, कारण हे सगळे सांगतातच. बेंगळुरूत पूर्वी दहा महिन्यांचं डिपॉझिट घ्यायचे, आता पाच-सहा मागतात, घासाघीस करा. घर सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगचं म्हणून कापतात, आमचे बत्तीस हजार असेच गेले, ते अॅग्रीमेंटमध्ये आधीच लिहिलेलं असतं आणि आपण वाचत नाही. "लीजवर घर" म्हणजे आपल्या मुंबईचं हेवी डिपॉझिट, भाडं नाही पण एकरकमी मोठी रक्कम मालकाकडे, त्या घरावर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर तुमची रक्कम अडकू शकते, मुलं लहान असताना हे नकोच. आणि पहिल्या वर्षी फ्लॅट विकत घेऊ नका, ए खाता, बी खाता (पालिकेकडच्या मालमत्तेच्या नोंदीचे दोन प्रकार) हे समजायलाच वर्ष जातं. गाडी आणणार असाल तर बारा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असल्यास नोंदणी बदलावी लागते, इथला लाइफटाइम टॅक्स देशातल्या सगळ्यात महागांपैकी, नव्या पेट्रोल-डिझेल कारला १३ ते १८ टक्के, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी. पुणं सोडायच्या आधीच तिथल्या आरटीओची एनओसी घ्या. नवी गाडी घ्यायची असेल आणि कंपनीची चार राज्यांत ऑफिसं असतील तर बीएच नंबरचं बघा, राज्य बदललं तरी त्याची नोंदणी बदलावी लागत नाही.

एक राहिलं, रात्रीचा डॉक्टर. इथली हवा छान आहे म्हणतात आणि आहेही, पण थंडी, ढग आणि झाडांचे परागकण यामुळे बऱ्याच लहान मुलांना पहिल्या वर्षी खोकला धरतो, धाकटीला तर रात्री दोनला धाप लागली होती आणि खणलेल्या रस्त्यावरून हॉस्पिटलला पोचायला चाळीस मिनिटं गेली. घर फायनल करायच्या आधी, रात्री लहान मुलांचे डॉक्टर हजर असतात असं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल शोधा आणि तिथे एकदा जाऊन या. लसीकरणाचं कार्ड सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, स्वतःच्या पर्समध्ये ठेवा.

चूक झालीच असेल तर

आमच्यासारखे अडकला असाल तर आधी अॅग्रीमेंट काढून लॉक-इन (ज्याआधी घर सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचं आहे ते बघा, बरेचदा सहा महिनेच असतं आणि लोक उगाच अकरा काढतात. मग घर शोधायच्या आधी शाळा शोधा, सीट मिळाल्याचं पत्र हातात आलं की त्या शाळेभोवतीच्या गल्ल्या संध्याकाळी पायी फिरा, टू-लेटचे बोर्ड अजूनही गेटवर लागतात आणि त्या घरांना ब्रोकरेज लागत नाही. आम्हाला कस्तुरीनगरचं घर असंच मिळालं, आधीपेक्षा एक खोली कमी, पूल नाही, क्लबहाऊस नाही, पण कावेरीचं कनेक्शन, शाळा चालत नऊ मिनिटं आणि बेन्निगनहळ्ळी मेट्रोपासून नवरा पंचवीस मिनिटांत ऑफिसला. सासूबाई उद्यान एक्स्प्रेसने येतात त्या स्टेशनवरूनच पर्पल लाइन पकडून थेट येतात, त्यांना घ्यायला जावं लागत नाही. शिफ्टिंग वार्षिक परीक्षेनंतर आणि जूनच्या आधी करा, जुन्या घरमालकाला नोटीस व्हॉट्सअॅपवर नाही तर मेलवर द्या, आणि निघताना प्रत्येक खोलीच्या भिंतींचे, नळांचे, दारांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, डिपॉझिट मागताना तेच कामाला येतात.