मोबाइलने मोजा खाडीचं पाणी, मुहूर्त मात्र पंचांगातला

जीपीएसचा सिग्नल तुमच्या मोबाइलपर्यंत दोन वाटांनी येतो. एक थेट उपग्रहाकडून, दुसरी पाण्यावर आपटून. दुसरी वाट किंचित लांबची. उपग्रह वर चढतो किंवा मावळतो तसा दोन्ही वाटांतला फरक बदलत जातो. कधी दोन्ही सिग्नल एकमेकांना जोर देतात, कधी एकमेकांना मारतात. मोबाइलला ताकद वरखाली होताना दिसते. हे चढउतार जितके दाट, तितकं पाणी फोनपासून खाली. अमेरिकेतल्या क्रिस्टीन लार्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अलास्कातल्या एका जीपीएस केंद्राच्या नोंदींतून अशीच भरती-ओहोटी काढून दाखवली. गंमत म्हणजे ते केंद्र त्यासाठी बसवलेलंच नव्हतं.

जागा. नवी मुंबईत वाशी, ऐरोली, बेलापूर, जिथे उभं राहायला मनाई नाही असा काठ किंवा जेट्टी बघा. समोर खारफुटी नको, नांगरलेल्या होड्या नकोत. फोन पाण्यापासून तीन मीटर वर असेल, तर पाच अंशांवरच्या उपग्रहाचा सिग्नल सुमारे ३४ मीटर लांबच्या पाण्यावर आपटून येतो. तेवढा पट्टा मोकळा हवा. वाशीच्या बाजूने खाडी पश्चिमेला, म्हणून पश्चिमेकडचेच उपग्रह कामाचे. ठाणे-मुलुंडच्या बाजूने उलट.

वेळ. सगळी मेख इथे आहे. पहिल्यांदा मी ओहोटीला गेलो. दीड तास नोंदी घेतल्या, उंची मात्र हलायला तयार नाही. पाणी उतरतंय नि आकडा तोच! मान काढून बघितलं तर समोर नुसता चिखल. ओला चिखलही सिग्नल छान परतवतो. मी इमानेइतबारे चिखलाची उंची मोजत होतो.

दुसरी अडचण वेगाची. उपग्रहाला पाच ते पंधरा अंश चढायला साधारण २५ मिनिटं लागतात. उधाणाच्या दिवसांत तेवढ्या वेळात पाणी अर्धा मीटर सरकू शकतं. ताशी एक मीटर वेग धरला तर उत्तर सुमारे ४० सेंटिमीटरने चुकतं, आणि चढणाऱ्या व मावळणाऱ्या उपग्रहांची चूक विरुद्ध दिशांना जाते. म्हणून सुरुवात भांगाच्या दिवशी करा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, अष्टमी-नवमीच्या आसपास, नि भरती पूर्ण होऊन पाणी थबकलेलं असताना. वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा. सकाळी नि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा.

नोंद. अँड्रॉइड फोन काठीला बांधून उभा ठेवा, तोंड पाण्याकडे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये पूर्ण जीएनएसएस (जीपीएससारख्या सगळ्या उपग्रह-यंत्रणांचं एकत्रित नाव) मोजणी चालू करण्याची सोय असेल तर ती करा, नाहीतर बॅटरी वाचवायला फोन मधेमधे झोपतो. वेळ, उपग्रहाचा क्रमांक, दिशा, क्षितिजापासूनचा कोन आणि सिग्नलची ताकद लिहून ठेवणारं ॲप हवं. कोन दशांशात मिळावा. पूर्ण अंशाने भागत नाही. भूस्थिर उपग्रह सोडून द्या, त्यांचा कोन हलतच नाही.

हिशेब. एका वेळी एकच उपग्रह घ्या. ताकद डेसिबलमध्ये असते; तिला २० ने भागा आणि १० चा तेवढा घात काढा. एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर कोनाचा साइन, उभ्यावर ही ताकद. मधली संथ कमान वजा केली की ताकदीच्या चढउताराच्या लाटा उघड्या पडतात. मग:

उंची = लाटांची संख्या × तरंगलांबी ÷ (२ × साइनमधला फरक)

जीपीएसच्या एल१ सिग्नलची तरंगलांबी १९.०३ सेंटिमीटर. पाच ते पंधरा अंशांत साइनचा फरक ०.१७१६. सहा लाटा मोजल्या तर पाणी फोनच्या ३.३३ मीटर खाली. एक लाट चुकली तर ५५ सेंटिमीटरचा घोळ, म्हणून डोळ्यांनी मोजणं हे निव्वळ अंदाजापुरतं. पायथन या संगणकभाषेत लाटांची दाटी काढणारी लॉम्ब-स्कार्गल ही रीत अपूर्ण लाटाही धरते. तीन-चार उपग्रहांची उत्तरं जुळली तरच विश्वास ठेवा.

पडताळा. टेपला वजन बांधून फोनपासून पाण्यापर्यंत सोडा, वेळ लिहा. आलेली उंची भरतीच्या तक्त्यातल्या आकड्याशी थेट ताडू नका. तिथला शून्य वेगळा आहे.

दुसऱ्या दिवशी जीपीएसचा तोच उपग्रह त्याच वाटेने येतो, पण सुमारे चार मिनिटं आधी. भरती मात्र पन्नासेक मिनिटं उशिरा. तेव्हा नवमीला त्याच्या वेळेवर गेलात, तर पाणी अजून चढत असेल.