जुन्या पेनांचा संग्रह: आधी शाई भरण्याची रीत ओळखा

नागपूर 1956 पर्यंत राजधानीचे शहर होते आणि 1936 पासून येथे उच्च न्यायालय होते. त्यामुळे धंतोली किंवा महालातल्या एखाद्या जुन्या वकिली घराचे कपाट आवरायला काढले की, दस्तऐवजांच्या जोडीने परदेशी शाईचे पेनही हाती लागण्याचा संभव असतो. असे पेन मिळाल्यावर बहुतेक जण आधी निब पाहतात. माझा आग्रह असा की, आधी त्यात शाई कशी भरते हे समजून घ्यावे, कारण दुरुस्तीचा खर्च बहुधा त्यावरच ठरतो.

ड्रॉपरने भरायच्या इबोनाइटच्या (कडक केलेल्या रबराच्या) पेनात बिघडण्यासारखे थोडेच असते, म्हणून सुरुवात तिथून करावी. त्यानंतर खटक्याची पेने घ्यावीत: खटका उचलला की आतली पट्टी रबरी नळी दाबते आणि सोडला की फुगणारी नळी शाई ओढते. कॉंकलिनच्या पेनात हेच काम दांड्याबाहेर डोकावणारी धातूची चंद्रकोर करते. ती नकळत दाबली जाऊ नये म्हणून बसवलेले फिरते कडे शाबूत आहे ना, हे पाहावे.

पार्करच्या 1933 च्या व्हॅक्युमॅटिकमध्ये नळीच नसते, सबंध दांडा शाईची टाकी असतो आणि मागच्या टोकाचा रबरी पडदा दट्ट्याच्या प्रत्येक दाबासरशी थोडी थोडी शाई आत घेतो. त्याचा पट्टेदार दांडा उजेडासमोर धरावा. पट्ट्यांमधून प्रकाश आरपार आला, तर थोडी जास्त किंमत मोजायला हरकत नाही.

मला सर्वांत प्रिय आहे ते शेफरचे 1952 चे स्नॉर्कल. मागची कळ फिरवली की निबेखालून एक बारीक नळी बाहेर सरकते. मग कळ मागे ओढावी, फक्त त्या नळीचे टोक शाईत बुडवावे आणि कळ एका दमात पुढे रेटावी. कोंडलेली हवा आतली रबरी पिशवी चेपते, शेवटी ती हवा निसटते आणि पिशवी फुगताना शाई वर चढते. दहा सेकंद थांबून नळी आत घ्यावी. निब कोरडीच राहते, पुसण्याची गरज पडत नाही.

कोणत्याही पेनावर जोर करू नये. एका जुन्या पेनाचा खटका मी घाईने उचलला आणि आतली रबरी नळी वाळून दगडासारखी झाली असल्याने दांड्याला खटक्यापाशीच उभी चीर गेली. ती आजही बोटाला लागते. आता मी दांडा आणि निबेचा पुढचा भाग यांच्यातला सांधा हेअर ड्रायरने कोमट होईल इतपतच तापवतो, कारण अनेक जुन्या पेनांचे दांडे ज्या जुन्या प्लास्टिकचे असतात ते सेल्युलॉइड पेट घेते, आणि पुढचा भाग हलके हलके फिरवत सोडवतो. नवी नळी लाखेच्या द्रावणाने चिकटवावी, तिच्यावर शंखजिऱ्याची पूड लावावी आणि पहिली भरणी साध्या पाण्याने करावी. स्पिरिट मात्र सेल्युलॉइडला लावू नये.

मे महिन्यात येथे पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा पेने गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा बंद मोटारीत ठेवू नयेत. कूलरच्या ओलसर झोतासमोरही नकोत, कारण दमटपणाने आतल्या पोलादी पट्टीला गंज चढतो. रबरातून सुटणाऱ्या गंधकाच्या वाफेने फिक्या रंगाचे सेल्युलॉइड काळवंडते, म्हणून सुट्या रबरी नळ्या वेगळ्या डबीत ठेवाव्यात. प्रत्येक पेनासोबत एक चिठ्ठी ठेवून तिच्यावर नळी किंवा पडदा बदलल्याची तारीख लिहावी.