जुन्या कागदी पॅटर्नवरून गरोदरपणाचा पोशाख घरी बेतताना

दुकानात मिळणारे गरोदरपणाचे पुष्कळसे कुर्ते म्हणजे नेहमीच्याच कुर्त्यांची दोन-तीन मापे मोठी आवृत्ती असते, आणि म्हणून ते पोटावर जेमतेम बसतात पण खांद्यावरून ओघळतात. 1940 ते 1960च्या दरम्यानचे अमेरिकी पॅटर्न, म्हणजे कापड बेतण्यासाठी पाकिटात मिळणारे कागदी नमुने, येथेच सरस ठरतात. त्यांत गळा, खांदा आणि मुंढा (बाही जोडतात ती खाच) गरोदरपणापूर्वीच्या मापाचे ठेवून सगळा घेर योकच्या (खांद्यालगत वेगळ्या जोडलेल्या तुकड्याच्या) खाली, पुढच्या भागात वाढवलेला असतो. बेतताना हे एक तत्त्व सुटू दिले नाही, तर बाकीचे बदल सोपे आहेत.

या काळातील सर्वांत हुशार कल्पना डॅलसच्या फ्रँकफर्ट भगिनींची. एल्सी फ्रँकफर्ट यांनी गरोदर बहिणीच्या स्कर्टचे पोटावरचे कापड खिडकीसारखे कापून काढले, कडेला पट्टी लावली आणि कमरेला बांधायला बंद दिले. कापड पोटावर चढतच नसल्यामुळे स्कर्ट पुढून उचलला जात नाही, आणि खिडकी वरच्या सैल झग्याखाली झाकली जाते. 1938मध्ये सुरू झालेले त्यांचे ‘पेज बॉय’ हे दुकान याच स्कर्टवर उभे राहिले. इंदुरात आज कुर्त्याचीच चलती असल्याने वरच्या झग्याचा पॅटर्न अधिक उपयोगी पडेल, तरी नोकरीसाठी स्कर्ट नेसणारीने ही खिडकी अवश्य करून पाहावी.

जुने पाकीट विकत घेताना त्यावरील आकड्याला आजचा आकडा समजू नये. 1950च्या सुमारास 14 नंबर म्हणजे 32 इंच छाती असे, तर 1968च्या मापबदलानंतर तोच नंबर 36 इंचांचा झाला. पाकिटावर छापलेले छातीचे माप गरोदरपणापूर्वीच्या आपल्या मापाशी जुळवावे. आतला कागद अतिशय पातळ आणि ठिसूळ असतो. त्याला वाफ न देता कोमट इस्त्री फिरवावी आणि लगेच ब्राऊन पेपरवर उतरवून घेऊन मूळ प्रत बाजूला ठेवावी. फार जुन्या पॅटर्नवर छापील रेषा नसून नुसती छिद्रे असतात. त्यांचा अर्थ सोबतच्या सूचनापत्रात दिलेला असतो. शिलाईची माया किती धरली आहे, हेही तेथेच पाहावे, कारण ती सर्व पॅटर्नमध्ये सारखी नसते.

यानंतर मांजरपाटाचा कच्चा झगा शिवावा. पाचव्या महिन्यात शिवायला घेतले तरी माप नवव्या महिन्याचे हवे, म्हणून पोटावर छोटी उशी बांधून झगा घालून पाहावा. घरातल्यांना हसू येईल, पण याहून खात्रीची दुसरी पद्धत नाही. खांद्यापासून पोटाच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून खालच्या दुमडीपर्यंत एक माप आणि पाठीवरून त्याच उंचीपर्यंत दुसरे माप घ्यावे. त्यांतील फरकातून पॅटर्नमध्ये आधीच दिलेली वाढ वजा करून उरलेली लांबी पुढच्या भागाच्या मध्याशी वाढवावी आणि बाजूच्या शिवणीपर्यंत गोलाईने शून्यावर आणावी. रुंदीसाठी पुढचा भाग योकपासून खालपर्यंत उभा चिरून पसरवावा व बॉक्स प्लीट (दोन्ही कडा आत दुमडलेली चपटी घडी) टाकावी. 5 सेंटिमीटर रुंद प्लीटला 10 सेंटिमीटर जास्तीचे कापड लागते. टिप फक्त योकच्या शिवणीतच मारावी, म्हणजे पोट वाढेल तशी प्लीट आपोआप उघडत जाईल.

कापडासाठी इंदुरातील सीतलामाता बाजार किंवा एम. टी. क्लॉथ मार्केट येथे जावे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कॅम्ब्रिक (बारीक विणीचे सुती कापड) उत्तम, आणि अस्तर लावायचेच तर मलमलीचे. सुती कापड कापण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवावे. जुन्या सूचनापत्रांतील मांडणी बहुधा 35 किंवा 39 इंच पन्ह्याची असते, त्यामुळे 44 इंची कापडावर तुकडे नव्याने मांडून पाहिल्यावरच किती मीटर घ्यायचे ते ठरवावे.

डोहाळजेवणासाठी महेश्वरीचा झगा फार शोभून दिसतो, मात्र त्यात एक अडचण आहे. किनार सरळ असल्यामुळे खालची कड गोलाईने वाढवता येत नाही. अशा वेळी तीच वाढ वर, योकला जोडल्या जाणाऱ्या कडेच्या मध्यभागी द्यावी आणि प्लीटऐवजी तेथे बारीक चुण्या घ्याव्यात. महेश्वरीचे विणकाम नाजूक असल्याने शिवणीवर ताण येऊ न देण्यासाठी मुंढ्याला पातळ सुती पट्टी लावावी.

पॅटर्न निवडतानाच पुढे बटणे असलेला घेतला, तर बाळंतपणानंतर दूध पाजताना तोच झगा कामी येतो. बटणे नसतील तर योकच्या शिवणीत दोन्ही बाजूंना चेन बसवता येते. मात्र ती चुण्या घालण्यापूर्वीच आखून ठेवावी, कारण चुण्या शिवल्यानंतर तेथे चेन सपाट बसत नाही.