उन्हाळी परसबाग आणि साठवणीचं: या चुका टाळा

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. "मावशी, दुधीला फुलंच फुलं आहेत, फळ एक नाही." जुलैत त्याच मंडळींचा पुन्हा फोन: "मावशी, लोणच्यावर पांढरं काहीतरी आलंय." चिपळूणजवळच्या आमच्या परसात मी तीस वर्षं भाज्या लावतेय आणि दर उन्हाळ्यात त्याच त्या प्रश्नांना तीच ती उत्तरं देतेय. यंदा एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठं गाऱ्हाणं फुलं गळण्याचं. दुधी, काकडी, कारलं, दोडका, लाल भोपळा, या वेलांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस बहुतेक नुसती नर फुलं असतात आणि ती गळायचीच. मादी फूल ओळखायला फार अक्कल लागत नाही: त्याच्या पाठीशी बोटाच्या पेराएवढं इवलंसं फळ असतं. नर फुलाचा देठ नुसता काडीसारखा. एवढं बघायचा धीर नसतो, मग दुकानात धावत जाऊन युरिया आणतात. नत्र जास्त झालं की वेल माजतो. पानं ताटाएवढी आणि मादी फुलं आणखी लांबणीवर.

पुण्याच्या माझ्या भाच्यानं हा सगळा खेळ करून पाहिला. सातव्या मजल्यावरची बाल्कनी, निळ्या ड्रमात दुधी. युरिया बंद करायला लावल्यावर मादी फुलं आली खरी, पण फळ लिंबाएवढं झालं की पिवळं पडून गळे. मी विचारलं, फुलाला फूल लावतोस का रे, म्हणजे नराचे पराग मादीला? तर म्हणे, "रोज सकाळी ऑफिसला जाताना ब्रशनं करतो की!" सकाळी! अरे, दुधीचं फूल पांढरं असतं. ते संध्याकाळी उमलतं आणि ऑफिसच्या वेळेला मान टाकून बसलेलं असतं. त्याचं काम करतात रात्रीचे पतंग, आणि सातव्या मजल्यावर त्यांनी यावं तरी कशाला? दिवेलागणीला ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवायचं. ब्रशबिश काही लागत नाही. दोडकाही संध्याकाळचाच. काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळं मात्र सकाळी, ऊन चढायच्या आत. गंमत बघा, दोडका आणि घोसाळं सख्खी भावंडं, पण एक संध्याकाळचं आणि एक सकाळचं. भाच्यानं वेळ बदलली आणि त्या वेलाचे सहा दुधी खाल्ले. आता तो सोसायटीत इतरांना शिकवतो.

बागेतलं बाकीचं भराभर सांगते. उन्हाळी वेलांचं बी महाशिवरात्रीच्या आत जमिनीत गेलं पाहिजे. एप्रिलमध्ये बी मागायला माझ्याकडे येऊ नका. एप्रिल-मेच्या काहिलीत टोमॅटोची फुलं गळतात, त्यात तुमचाही दोष नाही आणि खताचाही. टोमॅटोचं बूड काळं पडतंय म्हणजे बहुतेक वेळा पाणी एक दिवस भसाभस आणि तीन दिवस कोरडं असं चाललेलं असतं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चहाइतकं कढत असतं, ते आधी बाजूला सोडा. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपण होऊन ताठ झाली तर झाडाला तहान नव्हती, ऊन लागलं होतं. कुंडीत नुसती माती उघडी ठेवू नका, वर चार बोटं पालापाचोळा घाला. फळमाशीसाठी मी औषध मारत नाही, कोवळ्या काकडीला आणि कारल्याला कागदाची पिशवी बांधते. भेंडी एक दिवसाआड तोडा. "जरा मोठी होऊ दे" म्हणणाऱ्याच्या घरी लाकडं शिजतात.

आता लोणचं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा मूर्खपणा मी स्वतः केलाय.

16 मे 2021, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून वर सरकलं तो रविवार. दुसऱ्या दिवशी परसात पाऊल ठेवायला जागा नव्हती, रायवळाच्या कैऱ्यांचा सडा पडलेला. बाठ धरलेल्या, घट्ट, आंबट कैऱ्या. जीव तुटला. तेलाचे भाव त्या वर्षी कडाडलेले, तरी म्हटलं लोणचं घालायचं. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, पडलेली आणि पावसानं भिजलेली कैरी लोणच्याची नव्हे. किसून साखर घाल, नाहीतर आमटीत ढकल." मी ऐकलं नाही. ऊन नव्हतं, वीज गेलेली म्हणून पंखाही नव्हता. फडक्यानं पुसलं, कापलं, मीठ-मसाला लावला. महाग म्हणून तेलही हात राखूनच घातलं. फोडी वर, तेल खाली. आषाढात बरणीच्या तोंडाचं फडकं, दादरा, सोडला तर आंबूस वास आणि वर पांढरी लव. बारा किलोंचं लोणचं खड्डा खणून पुरलं. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पडलेली कैरी बाहेरून धड दिसते, पण मार बसलेल्या जागी आतून नरम झालेली असते आणि कुजायला सुरुवात तिथून होते. म्हणून लोणच्याला झाडावरून झेल्यानं, म्हणजे काठीच्या जाळीनं, उतरवलेली कैरीच, आणि तीही वळीव पडायच्या आधी. मी अख्ख्या कैऱ्या धुऊन पुसते आणि रात्रभर पंचावर पसरून ठेवते. विळी, पाट, हात, सगळं कोरडं. किलोभर फोडींना मीठ दोनशे ग्रॅम. "आम्ही मीठ कमी खातो" असं म्हणणाऱ्यांनी लोणचं कमी खावं, त्यात मीठ कमी घालू नये. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओतायची. गरम ओतली तर बरणीच्या गळ्याला वाफ धरते आणि तेच पाणी आत उतरतं. तेल फोडींच्या वर दोन बोटं. आणि बुरशी आलीच तर वरची काढून खालचं खाऊ नका. लोक खातात, मला माहीत आहे. मी खात नाही.

साखरांब्याचंही तेच. तिथं हल्ली सगळ्यांना साखर कमी करायची असते. माझं माप वाटीभर किसाला दीड वाटी साखर. अर्धी वाटी घातलीत तर चव चांगली लागेल, पण तो साखरांबा फ्रिजातला आणि दहा-बारा दिवसांचा. वर्षाचा म्हणून कपाटात ठेवलात तर फसफसणारच.

एक गोष्ट मात्र गंमतीनं घेऊ नका. भेंडी, फरसबी, मक्याचे दाणे उकडून पाण्यात किंवा तेलात घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून कपाटात ठेवायचं फॅड आलंय. या भाज्यांत आंबटपणा नसतो. हवाबंद बाटलीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचं विष तयार होऊ शकतं. त्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळीनं मरत नाहीत आणि विषाला वास किंवा रंग असेलच असं नाही. कच्च्या लसणीचं तेलही तसंच. फ्रीझर असेल तर त्यात ठेवा, नाहीतर वाळवा. गवार, कारल्याच्या चकत्या, सांडगी मिरची यांना ऊन पुरतं. फक्त मिरचीचं पोट नीट वाळू द्या: वरून खुळखुळते आणि आत ओली, अशी मिरची महिन्यात काळी पडते. मी एक मोडून बघते. कट्‌कन तुटली तर डब्यात, वाकली तर पुन्हा गच्चीवर.

आमसुलांची घाई तर बघवत नाही. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली मीठ घातलेल्या रसात भिजवायच्या, वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या. अशी चार-पाच पुटं होतात. लोक दोन देतात आणि फिकट, चिवट साली डब्यात भरून "आमच्या आमसुलांना रंग का नाही?" विचारतात. पण मेच्या शेवटी आभाळ भरून आलं असेल तर मीसुद्धा पुटांच्या नादी लागत नाही. उरलेले रातांबे फोडून सरळ मिठात घालते आणि आगळ, म्हणजे खारवलेला रस, करते. त्याला ऊन लागत नाही. यंदा अर्धी टोपली तशीच गेली आणि सोलकढीची सोय झाली.