हा जियांग लूपला जाताय? आधी हे उरकून घ्या

हा जियांग लूप म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या डोंगरातून बाईकवर गोल फिरून यायचा रस्ता. सगळ्यात आधी तारीख, कारण बकव्हीटची (कुट्टूची) गुलाबी फुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच असतात आणि पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात, त्यामुळे जून ते ऑगस्ट शक्यतो नकोच. मग ई-व्हिसा, फक्त सरकारी साईटवरून, आणि आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं ना, ते जसंच्या तसं भरा, एक अक्षर इकडचं तिकडे नको. 2025 च्या जुलैपासून हा जियांग प्रांत शेजारच्या तुयेन क्वांग प्रांतात विलीन झालाय, तेव्हा मॅपवर वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका.

आता बाईक. मी स्पष्टच सांगते, स्वतः चालवायचा हट्ट सोडा. भारताचं इंटरनॅशनल परमिट 1949 च्या रस्ते-वाहतूक कराराचं आणि व्हिएतनाम मानतं 1968 वालं, म्हणजे पोलिसांनी अडवलं तर दंड आणि पडलात तर इन्शुरन्सवाले हात वर करणार. त्यापेक्षा ईझी रायडर बुक करा, तो चालवतो, आपण मागे बसून मा पि लेंग घाटातून खाली न्हो क्वे नदी बघायची, नाहीतर एवढं जाऊन डोळे रस्त्यावरच! सीमाभागाचं परमिट बहुतेक होमस्टेवालेच काढून देतात, आधी विचारून घ्या.

हनोईहून स्लीपर बसने सहा-सात तास लागतात, चढताना चप्पल काढून पिशवीत ठेवावी लागते, मोजे धुतलेले असू द्या. सॅक छोटी, रेनकोट, जाड जॅकेट (लूपवरच्या डोंग वान गावात रात्री चांगलीच थंडी), गाडी लागण्याची गोळी, आणि कॅश हा जियांग शहरातच काढा.

शाकाहारी असाल तर "तोई आन चाय" (मी शाकाहारी खातो/खाते) फोनमध्ये लिहून ठेवा, तरी फिश सॉस कुठून तरी येतोच, म्हणून मेथीचे ठेपले, शेंगदाणा चटणी न्याच. मेन मेन म्हणजे वाफवलेला मक्याचा भरडा, तो चालेल, पाच रंगांचा चिकट भातही मस्त. थांग को मात्र घोड्याचं मांस-आतडी घालून केलेलं असतं, बाजारात मोठ्या कढईत उकळत असतं, विचारल्याशिवाय वाटी घेऊ नका. हा बाजार बघायचा असेल तर रविवारी सकाळी मेओ वाक किंवा डोंग वानला असाल असंच प्लॅन करा, बाजार लवकर भरतो, दुपारी काही उरत नाही. आणि आदल्या रात्री होमस्टेत मक्याची दारू पुढे येईल, दोन घोटांवर थांबा, सकाळी परत घाटच आहे.