लाकडी विमानाच्या पंखांची फिटिंग: कशी घडवावी, कशी बसवावी

उद्यमबाग, मच्छे, नावगे या पट्ट्यात धातूकामाचा माणूस शोधावा लागत नाही. फौंड्री, हायड्रॉलिक्स, क्रँकशाफ्ट यांवर बेळगावच्या दोन-तीन पिढ्या जगल्या. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये तर मोठ्या प्रवासी विमानांचे सुटे भाग बनतात. त्यामुळे घरी लाकडी विमान बांधायला घेतलेल्या इथल्या माणसाला वाटते की पंख धडाला जोडणारी पोलादी फिटिंग हा कामातला सोपा भाग. पोलादापुरते ते खरेही आहे. पण फिटिंगचे एक टोक लाकडात असते, आणि लाकूड आपल्या हवेप्रमाणे फुगते, आकसते, दाबले की चेपते. फिटिंगचे काम करताना मनात सतत लाकूड ठेवावे लागते. ही सवय मशीनशॉपमध्ये लागत नाही, ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फिटिंगचे डिझाइन स्वतः करू नका. सिद्ध झालेल्या विमानाचा नकाशा विकत घ्या आणि त्यात दिलेली जाडी, भोक, बोल्ट यांत काहीही बदलू नका. काही डिझाइनांत हा प्रश्न उभाच राहत नाही. १९४८ साली पहिल्यांदा उडालेल्या फ्रेंच जोडेल डी-९ चा मुख्य स्पार, म्हणजे पंखाची मुख्य तुळई, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे. शेड लांब असेल तर असे डिझाइन निवडणे शहाणपणाचे. पण आपल्याकडे बहुतेकांना पंख काढून ट्रॉलीवर न्यावे लागणार, म्हणजे फिटिंग आलीच.

डीजीसीएशी (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी) पत्रव्यवहार लाकूड विकत घेण्याआधी सुरू करा. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ साली झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ साली मिळाली. त्यांचे विमान धातूचे होते, पण कागदांचा रस्ता लाकडी विमानालाही तसाच लांब आहे. प्रत्येक पत्र्याचे प्रमाणपत्र, प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि मोजमापांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

या जोडावर किती ओढ येते

हा हिशेब डिझाइन करण्यासाठी नाही, हातात काय धरले आहे ते कळावे म्हणून करून पाहा. समजा विमानाचे एकूण वजन ३५० किलो आहे. ३.८ जी (म्हणजे वजनाच्या ३.८ पट भार) ही मर्यादा आणि त्यावर दीडपट सुरक्षा धरली की ५.७ जी होतात. म्हणजे दोन्ही पंखांवर मिळून सुमारे २,००० किलो, एका पंखावर १,००० किलो. पंख चार मीटर लांब असेल तर हा भार मुळापासून साधारण १.७ मीटरवर एकवटला असे मानता येते. वरची आणि खालची फिटिंग एकमेकींपासून १५ सेंटिमीटरवर असतील आणि पंखाला बाहेरून टेकू नसेल, तर प्रत्येक फिटिंगवर येणारी ओढ किंवा दाब ११,३०० किलोच्या घरात जातो. त्यावर फिटिंगसाठीचा १.१५ हा वाढीव गुणक लावा, आकडा १३,००० किलो होतो. अर्ध्या इंचाचा एएन (अमेरिकी विमान-मानकाचा) बोल्ट दोन्ही बाजूंनी पकडला असेल तर साधारण १३,३५० किलोला तुटतो. शिल्लक किती राहिली ते पाहा. ‘अर्ध्या इंचाचा नाही मिळाला, बारा मिलिमीटरचा घाला’ या सल्ल्याला इथे जागा नाही.

टेकू असलेल्या पंखात हे आकडे बरेच उतरतात. नवख्याने टेकूचे विमान निवडावे असे माझे मत आहे, ते यासाठीच.

पोलाद

नकाशात बहुधा ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित पोलाद), नॉर्मलाइज्ड म्हणजे तापवून हवेत थंड केलेल्या अवस्थेतला पत्रा सांगितलेला असतो. पातळ पत्र्यात त्याची ताणशक्ती साधारण ६५० मेगापास्कल असते. आपल्या बाजारात एमएस (साधे मऊ पोलाद) प्लेट सहज मिळते, ईएन-८ आणि ईएन-१९ चे बार कोणत्याही दुकानात मिळतात. एमएस कमजोर पडते. ईएन-१९ चांगले पोलाद आहे, पण त्याचा गुण उष्णता-प्रक्रियेवर ठरतो आणि बारच्या तुकड्यावर ती प्रक्रिया कोणती झाली हे दुकानदार सांगू शकत नाही. मिल टेस्ट सर्टिफिकेट असलेला ४१३० पत्राच मागवा, महाग पडला तरी. एका विमानाला तो लागतो थोडाच.

पत्र्यावर रोलिंगची (कारखान्यात तो लाटला गेल्याची) दिशा ओळखून घ्या आणि फिटिंगची लांबी, म्हणजे ओढीची दिशा, त्याच अंगाने ठेवा. आखणी बारीक मार्करने करा. स्क्राइबरची टोकदार रेघ कापून जाणाऱ्या कडेवर चालेल, पण फिटिंगच्या अंगावर आणि वाकणाऱ्या ठिकाणी अजिबात नको. पुढे तडा तिथूनच सुरू होतो.

लेझर कटिंग बेळगावात स्वस्त आहे. पण त्याने कड तापून कडक होते, म्हणून आकार चारही बाजूंनी मिलिमीटरभर मोठा कापून घ्या आणि ती कड कानशीने पूर्ण काढा. वॉटरजेट मिळाला तर उत्तम, नाहीतर बँडसॉ आणि कानस. शेवटची कानस कडेच्या लांबीला समांतर मारायची, आडवी नाही. मग कडांवरचा बर (कापताना उरलेली खरखरीत धार) काढून पॉलिश पेपरने इतके घासा की नखाला काही अडू नये. आतले कोपरे नेहमी गोल ठेवा.

वाकवायचे असेल तर थंडच वाकवा. आतली त्रिज्या नकाशात दिलेली असते. दिली नसेल तर पत्र्याच्या जाडीच्या तिपटीहून कमी ठेवू नका. वाकण्याची रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी यावी. व्हाइसच्या जबड्यांना तेवढ्याच त्रिज्येचा ठोकळा लावा, नाहीतर जबड्याची धार पत्र्यावर उमटेल. वाकवून झाल्यावर भिंगातून बाहेरची बाजू पाहा. केसाएवढी रेघ दिसली तर तो तुकडा भंगारात टाका, वेल्डिंगने बुजवू नका. शंका वाटली तर डाय पेनिट्रंटचा (बारीक तडा रंगाने दाखवणारा) स्प्रे वापरा, उद्यमबागेत वेल्डिंगच्या कामाला तो सर्रास वापरतात.

भोके: आत्ता कोणती, नंतर कोणती

सगळे काम इथे ठरते. डाव्या-उजव्या जोडीच्या प्लेटा एकावर एक ठेवून, क्लॅम्प करून एकदमच भोके पाडा. भोकाच्या केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर बोल्टच्या व्यासाच्या दुपटीहून कमी नको. लाकडात जाणाऱ्या बोल्टांची भोके आत्ता लहान ठेवा. पंख आणि धड जोडणारे मुख्य भोक तर फक्त पायलट आकारात, म्हणजे पुढे मोठे करायचे लहान भोक म्हणून ठेवा.

पाव इंचाच्या एएन-४ बोल्टचा दांडा ६.२५ ते ६.३२ मिलिमीटर असतो. आपल्या दुकानांत ६ चा आणि ६.५ चा ड्रिल मिळतो. ६.५ चे भोक हलते राहील. ६ चे ड्रिल मारून ६.३५ चा म्हणजे पाव इंची रीमर (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार) हाताने फिरवा, तेल घालून, सावकाश, आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने. बोल्ट अंगठ्याने ढकलून आत जायला हवा आणि आत गेल्यावर डुलता कामा नये.

लाकूड

स्पार स्प्रूसचा किंवा नकाशात सांगितलेल्या लाकडाचाच करा. खानापूरकडचे सागवान आपल्याला जवळचे वाटते, आणि फर्निचरला त्याच्यासारखे दुसरे नाही. पण ते स्प्रूसपेक्षा बरेच जड असते आणि त्याच्यातले नैसर्गिक तेल डिंकाची पकड कमी करते. विमानाच्या स्पारला ते लावू नये.

फिटिंगच्या जागी स्पारच्या दोन्ही बाजूंना बर्च प्लायवूडच्या पट्ट्या डिंकाने बसवलेल्या असतात. बोल्टचा दाब त्या पसरवतात आणि लाकूड रेषेच्या अंगाने फाटू देत नाहीत. पट्टीचे टोक उतरते करा, एकदम तुटल्यासारखे नको, नाहीतर ताण तिथे साठतो. बोल्टही एकाच रेषेत न ठेवता नागमोडी ठेवलेले असतात. नकाशातली ही मांडणी ‘सरळ दिसावी’ म्हणून बदलू नका.

स्पारमध्ये भोक पाडताना हातड्रिल नको. ड्रिल प्रेस घ्या, धारदार ब्रॅड-पॉइंट ड्रिल लावा, मागे टाकाऊ लाकडाचा ठोकळा घट्ट धरा. फिटिंगचीच प्लेट जिग (ड्रिलला वाट दाखवणारा साचा) म्हणून वापरली तर भोक जागेवर येते. ड्रिल थांबू देऊ नका, घासून तापला तर भोकाची आतली बाजू करपते. भोक झाल्यावर आत पातळ इपॉक्सी किंवा वार्निश लावा. उघडे राहिलेले भोक पावसाळ्यात ओल पिते.

इथे हवेचा विचार करावाच लागतो. विमानाच्या लाकडात ओल साधारण ८ ते १२ टक्के असावी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे उघड्या शेडमधले लाकूड १५ टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि मार्चमध्ये सुकून खाली येते. चाळीस मिलिमीटर जाडीच्या स्पारमध्ये ओल ५ टक्क्यांनी बदलली तर जाडी पाव ते अर्धा मिलिमीटर बदलते. पावसात घट्ट आवळलेला बोल्ट लाकडाला चेपतो, आणि उन्हाळ्यात तोच बोल्ट सैल होतो. म्हणून डिंक, भोके आणि पहिली जुळणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. ओल मोजण्याचे छोटे मीटर विकत घ्या, आणि आकडा वहीत तारखेसह लिहा.

जुळणी

धड स्टँडवर ठेवून लांबीत आणि रुंदीत पूर्ण लेव्हल करा. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी या कामाला फार चांगली, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. शेडची दारे बंद ठेवा, ओळंबा हलायला नको.

दोन्ही पंख आधारांवर ठेवून फिटिंग एकमेकींत सरकवा आणि क्लॅम्प लावा. मग मोजायला लागा. टोके किती वर उचलली आहेत ते दोन्ही टोकांमध्ये ताणलेल्या दोरीवरून कळते. पंख पुढे-मागे तिरका आहे का हे पाहायला प्रत्येक पंखाच्या टोकापासून शेपटीच्या खांबापर्यंतचे अंतर मोजा, डावे-उजवे सारखे यायला हवे. पंखाचा कोन लाकडी टेम्पलेट आणि डिजिटल लेव्हलने, मुळाशी आणि टोकाशी दोन्हीकडे तपासा.

इतका अट्टहास कशाला, तर वरच्या उदाहरणातल्या पंखात वरचे भोक खालच्याच्या तुलनेत १ मिलिमीटर बाहेर सरकले की पंखाचे टोक सुमारे २७ मिलिमीटर वर-खाली होते. पुढचा आणि मागचा स्पार ७० सेंटिमीटरवर असतील तर मागच्या फिटिंगमधली ६ मिलिमीटरची चूक म्हणजे कोनात अर्धा अंश. डाव्या-उजव्या पंखात एवढा फरक राहिला तर विमान सरळ उडताना सतत एका बाजूला कलेल.

सगळी मापे जुळली की मुख्य स्पारच्या एका फिटिंगमध्ये पायलट भोक आरपार न्या, तात्पुरता बोल्ट घाला आणि पुन्हा मोजा. मग दुसरे, पुन्हा मोजा. बहुतेक नकाशांत मागच्या स्पारचे भोक सर्वांत शेवटी असते, कारण पंखाचा कोन त्याने कायमचा ठरतो. सगळे बसल्यावरच, जोड हलवल्याशिवाय, दोन्ही बाजूंच्या प्लेटांमधून रीमर एकत्र फिरवा. या कामाला दोन माणसे हवीत, एक रीमरवर आणि एक फक्त मापांवर. ओळखीचा जुना फिटर किंवा सेझमध्ये तपासणीचे काम केलेला कोणी असेल तर त्या दिवशी त्याला बोलवा. आपल्या डोळ्यांना सवयीने न दिसणारे त्याला दिसते.

रंग, बोल्ट, नट

फिटिंग पुन्हा सोडवा, धुवा, तेलाचा अंश काढा आणि इपॉक्सी प्रायमर लावा. भोकांच्या आतल्या बाजूला रंगाचा जाड थर साचू देऊ नका. कोपऱ्यावरच्या प्लेटिंगवाल्याकडे झिंक करायला देऊ नका. आम्लाच्या हौदात कडक पोलाद हायड्रोजन शोषते आणि ठिसूळ होते. बोल्टच्या बाबतीत हा धोका फार मोठा आहे. लाकडाला टेकणारी बाजू ओल्या वार्निशवर बसवा, म्हणजे मध्ये पाणी शिरत नाही.

बोल्टची लांबी अशी घ्या की प्लेटच्या आत आटे येणार नाहीत, ओढ गुळगुळीत दांड्यावरच पडली पाहिजे. लाकडाच्या बाजूला रुंद एएन-९७० वॉशर घाला. बोल्टचे डोके वर किंवा पुढे ठेवा, म्हणजे नट गेला तरी बोल्ट जागीच राहील. स्थिर जोडाला नायलॉनचा लॉकनट चालतो. बोल्टवर जोड फिरत असेल तिथे कॅसल नट (खाचा असलेला नट) आणि त्या खाचांतून जाणारी कॉटर पिनच हवी. बोटांनी सहज फिरणारा जुना लॉकनट परत वापरू नका.

पाव इंचाचा नट पोलादावर साधारण ५.६ ते ७.९ न्यूटन-मीटरने आवळतात. लाकडातून जाणाऱ्या बोल्टला हा आकडा लावू नका. वॉशर लाकडावर बसला, त्याची कड किंचित रुतायला लागली असे वाटले की थांबा.

नंतर

उड्डाणाआधी वाळूच्या पोत्यांनी भार देऊन चाचणी करायची असेल तर ती नकाशाकाराच्या पद्धतीने आणि तपासनीसासमोर करा. भार काढल्यावर फिटिंगच्या कडेला रंगात बारीक चीर, लाकडावर चेपलेली रेघ, भोकाभोवती काळी भुकटी यांतले काहीही दिसले तर पंख उतरवा.

पहिल्या काही उड्डाणांनंतर प्रत्येक बोल्ट तपासा. त्यानंतर दरवर्षी दोनदा: एकदा पाऊस संपल्यावर दसऱ्याच्या सुमारास, एकदा उन्हाळा चढल्यावर मार्चच्या शेवटी. दोन्ही वेळी ओलीचा आकडा वहीत लिहा, नटावर मार्करने रेघ ओढा आणि रेघ सरकली का ते पुढच्या वेळी पाहा. स्पारमधले भोक अंडाकृती झालेले आढळले तर मोठा बोल्ट घालून किंवा इपॉक्सी भरून भागवू नका. तेवढा भाग कापून नवा सांधा करावा लागतो, नाहीतर स्पारच बदलावा लागतो.