रोपं घ्यायच्या आधी खड्ड्यात पाणी ओता

मे उजाडला की गावोगाव रोपांच्या गाड्या फिरायला लागतात. सोबत रंगीत कागद: साग लावा, चंदन लावा, एकरी इतके लाख. त्या कागदावर सगळं असतं, फक्त तुमची जमीन कशी आहे ते नसतं. म्हणून पैसे द्यायच्या आधी कुदळ घेऊन शेतात जा.

जिथं झाडं लावायची तिथं दोन-तीन ठिकाणी गुडघाभर खड्डे घ्या. वर एक, मध्ये एक, उताराच्या पायथ्याशी एक. संध्याकाळी पाण्यानं काठोकाठ भरा. भारी काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा असतात, त्यामुळं पहिलं पाणी भसकन खाली जातं आणि निचरा उत्तम आहे असं वाटतं. तेव्हा लगेच पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी खरं सांगतं. सकाळी ते तसंच उभं असेल तर तिथं साग, चंदन, शिवण यांचं नाव काढू नका.

हे मी फी भरून शिकलो आहे. वरच्या मुरमाड पोयट्यात आणि खालच्या चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या पट्ट्यात एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातल्या सागाच्या जड्या (खोड-मुळं छाटलेली रोपं) लावल्या. तिसऱ्या वर्षी वरची झाडं डोक्याच्या वर गेली होती. खालची कमरेएवढी, पानं पिवळी, उपटून पाहिलं तर मुळांचे शेंडे काळे पडलेले. खत कमी पडलं असेल म्हणून दोन वर्षं युरिया ओतत होतो, तो वेगळाच. त्या पट्ट्यात आता अर्जुन आणि बाभूळ आहे. बाभळीला भारी काळी जमीन चालते आणि थोडे दिवस पाणी साचलं तरी ती मरत नाही. पैसा हळू येतो, पण येतो.

सागाला खोल आणि निचऱ्याची जमीन हवी. वीतभर मातीखाली खडक लागला तर झाड आठ-दहा फुटांवर थबकतं. चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट झालेल्या जमिनीतही तो नको. तिथं करंज, बाभूळ बघा. मलबार नीम झपाट्यानं वाढतो हे खरं, पण खोल जमीन आणि पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळी पाणी असेल तरच. कोरडवाहू बरडावर, म्हणजे हलक्या दगडगोट्यांच्या रानात, त्याची काठीच राहते. तिथं मानवेल बांबू बरा.

चंदनाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. मुरमाड, तांबडी, उताराची जमीन त्याला मानवते. पण हे झाड अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यातून अन्नपाणी ओढतात. एकटं लावलं तर खुरटतं. लावतानाच हातभर अंतरावर तूर टोका, तिची सावली जास्त झाली की छाटा, आणि ओळींमध्ये सुरूचं झाड किंवा करंज असा कायमचा सोबती आत्ताच लावून ठेवा, कारण तूर फार तर दोन वर्षं पुरते. ठिबक लावून रोज पाणी देणाऱ्यांची चंदनं मुळकुजीनं गेलेली मी पाहिली आहेत. गाभा, म्हणजे खोडाच्या आतलं सुगंधी लाकूड, धरायला बारा-पंधरा वर्षं लागतात आणि गाभा धरला की चोर येतात. राखणीचा खर्च धरूनच हिशेब करा.

कोकणात जांभ्या दगडाच्या वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या जमिनीवर खैर आणि माणगा बांबू ही घरची पिकं आहेत. माणगा भरीव, बिनकाट्याचा, त्यामुळं तोडणी सोपी. नाल्याकाठी ओलावा धरणाऱ्या जागेत कटांग बांबू चांगला वाढतो, पण काट्यांमुळं तो कडेलाच ठेवा.

साग, खैर, चंदन लावलं की सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. तोडताना परवानगी लागते आणि तेव्हा तलाठ्याकडं खेटे घालण्यापेक्षा हे सोपं. बांबूचं तसं नाही. 2017 मध्ये केंद्रीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून तो वगळला गेला.

दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डे आत्ताच घेऊन उन्हात तापू द्या. रोहिणीत शेणखत मिसळून मातीनं भरून ठेवा. मृगाची पहिली सर आली म्हणून रोपं लावायला धावू नका, मध्ये पंधरा दिवस उघडीप पडते आणि रोपं करपतात. आर्द्रात माती हातभर खोल भिजली की लावा.